भाड्याचा माळा

गौरीजेवणाच्या दिवशी भर दुपारी फोन दगा देतो. डोंबिवली घ्या, चिंचवड घ्या, नाशकातलं सातपूर घ्या. घर कुठलंही असो, प्रसंग ठरलेला. पुरणपोळी, सोळा भाज्या, पंचामृत असा नैवेद्य वाढून झालेला असतो, निरांजन लागलेलं असतं आणि आजी फोन आडवा धरून "थांबा रे जरा, व्हिडिओ घेते" म्हणत पुढे सरकतात. तेवढ्यात पडद्यावर पाटी उमटते: जागा शिल्लक नाही. टाळ वाजायला लागलेले असतात. नातू मागून ओरडतो, "आजी, काहीतरी डिलीट कर ना!"

त्या 'काहीतरी'चं पुढे काय होतं ते बघण्यासारखं असतं. आजी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून बोट फिरवतात. कुणाच्या तरी साखरपुड्याचा व्हिडिओ जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो राहतो, कारण गोळ्यांची नावं त्यावरच आहेत. गॅसच्या पावतीचा राहतो. आधार कार्डाचे पाच फोटो राहतात. दर वेळी मागचा सापडला नाही म्हणून नवा काढलेला. नातीनं पहिलं पाऊल कुठल्या महिन्यात टाकलं ते नक्की आठवत नाही, म्हणून त्या अख्ख्या वर्षाला हात लागत नाही. आरती संपते, सगळे पानावर बसतात, आणि आजी अजून मार्च महिन्यातच असतात.

जागेची अडचण या घराला नवी नाही. पूर्वी माळा भरायचा. छत्तीस फोटोंच्या एका रोलमध्ये गणपती, दसरा आणि दिवाळी बसवायची, उरलेल्या दोन-तीनसाठी कुणाचा तरी वाढदिवस गाठायचा आणि मग रोल धुवायला टाकायचा, असा हिशोब होता. फोटो कमी, म्हणून अल्बम कमी, आणि अल्बमची ट्रंक माळ्यावर सतरंज्या आणि पाळण्याच्या दांड्यांच्या शेजारी. माळा फारच भरला तर दिवाळीच्या आधी शिडी लागायची आणि भंगारवाल्याला हाक जायची. त्या ट्रंकेसाठी दर महिन्याला कुणाला पैसे द्यावे लागतील, हे त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर त्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

आज ते दिले जातात. गुगलच्या १०० जीबी जागेचं भारतातलं मासिक भाडं अनेक वर्षं १३० रुपये राहिलं, ॲपलच्या ५० जीबीचं ७५ रुपये. दोन प्लेट वडापावचे पैसे, असं म्हणून माणूस मोकळा होतो. पण वडापाव खाल्ला की संपतो. हे भाडं संपत नाही, कारण सामान कमी होत नाही, आणि माळा मालकाच्या ताब्यात आहे.

'फोन भरला' आणि 'गुगल भरलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घराघरांतले निम्मे वाद त्यांची गल्लत झाल्यानं होतात. फोन भरतो तेव्हा हातातल्या यंत्राची स्वतःची जागा संपलेली असते. गुगल भरतं तेव्हा दूर कुठल्याशा सर्व्हरवर आपल्या नावानं राखलेले १५ जीबी संपलेले असतात. या पंधरात फोटो, ड्राइव्हमधल्या फायली आणि जीमेलची पत्रं अशा तिघांची एकत्र चूल आहे. फोटोंनी हातपाय पसरले की पत्रांची जागा जाते, आणि कोटा संपल्यावर मेल येणं-जाणं थांबतं. मुलाखतीचं बोलावणं किंवा विम्याची पावती अडकते ती कुणाच्या तरी हळदीच्या व्हिडिओपायी. ही एकत्र चूल सोयीसाठी मांडली असं म्हणतात. सोय नक्की कुणाची, हे पत्र अडकल्यावर कळतं.

पंधरा जीबी म्हणजे तरी किती? साधा फोटो तीन एमबीचा धरला तर पाच हजार. व्हिडिओचं गणित मात्र भयंकर आहे. आयफोनवर फोर-के प्रतीचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण १७० एमबी जागा घेतो, म्हणजे पंधरा जीबीत दीड तासही मावत नाही. मुंडावळ्या बांधण्यापासून सुनमुखापर्यंत एक लग्न घेतलं की संपलं. फोन विकताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे मोठ्या अक्षरांत सांगतात. त्यातून निघालेलं सामान ठेवायचं कुठे, हे पुढच्या दुकानात कळतं, आणि ते दुकान पुष्कळदा त्याच मालकाचं असतं.

सामान वाढायला एकटा कॅमेरा कारणीभूत नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि देशाची सकाळ बदलली. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, गुरुवारी स्वामी समर्थ किंवा दत्त, शनिवारी मारुती, एकादशीला विठोबा. प्रत्येकाच्या पायाशी गुलाबाचं फूल आणि वर दव पडलेल्या अक्षरांत 'शुभ सकाळ'. एका माणसाच्या पाच ग्रुपवर तोच गुलाब पाचदा येतो आणि आपोआप डाउनलोड होण्याची सोय चालू असेल तर फोनमध्ये उतरून बसतो. जानेवारी २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं यावर बातमी केली: भारतातले फोन इतके का भरतात याचा शोध घेताना गुगलच्या लोकांना कारण सापडलं ते हे सुप्रभात संदेश. भारतात दर तिघांपैकी एकाच्या स्मार्टफोनची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांपैकी एकाची, असा आकडाही त्यात होता. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, गुगलनं 'फाइल्स गो' नावाचं फोन झाडायचं ॲप बाजारात आणलं होतं. व्हॉट्सॲपनंही नोव्हेंबर २०२० मध्ये आपला केरसुणी विभाग नव्यानं मांडला. तिथे पाच एमबीहून मोठ्या फायली आणि अनेकदा पुढे ढकललेलं सामान असे वेगळे ढीग दिसतात.

या गुलाबांची चेष्टा करणं सोपं आहे. पण एकट्या राहणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत सकाळी सातचा गुलाब म्हणजे 'मी उठले, ठीक आहे' अशी हजेरी असते. दोन दिवस गुलाब आला नाही की पुण्याहून साताऱ्याला फोन जातो. असा निरोप कचऱ्यात टाकताना कुणाचा हात अडखळला तर त्याला हसू नये.

आता फुकटाची गोष्ट. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं आणि एक जीबी जागा फुकट देऊ म्हणालं, तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची गंमत वाटली. कारण त्या वेळी हॉटमेल दोन एमबी देत होतं आणि याहू चार. तिथून पुढे जागा म्हणजे पाण्यासारखी वस्तू आहे, नळ सोडला की येते, असा समज रुजला. २८ मे २०१५ ला गुगल फोटोज आलं. थोडी प्रत कमी चालणार असेल तर हवे तितके फोटो ठेवा, मोजमाप नाही, असं त्याचं सांगणं होतं. सोळा मेगापिक्सेलपर्यंतचा फोटो आणि १०८० पी प्रतीचा व्हिडिओ फुकट. लोकांनी संगणकातले, जुन्या कार्डांतले, स्कॅन केलेले, सगळे फोटो तिथे नेऊन ओतले. अल्बमवरून फोन धरून काढलेले फोटोही गेले. त्यात अल्बमच्या प्लॅस्टिकवर ट्यूबलाइट चमकलेली असते.

साडेपाच वर्षांनी, ११ नोव्हेंबर २०२० ला, कंपनीनं जाहीर केलं की १ जून २०२१ पासून नवे फोटो त्या पंधरा जीबीत मोजले जातील. तोवर तिथे ४ लाख कोटींहून अधिक फोटो जमले होते आणि दर आठवड्याला २,८०० कोटी नवे फोटो-व्हिडिओ येत होते. आधी ठेवलेले मोजणार नाही, हा शब्द कंपनीनं दिला, हे सांगायला हवं. मात्र एवढं सामान एकदा एका घरी लावल्यावर ते उचलून दुसरीकडे नेणार कोण? भाडं परवडत नाही म्हणून घर सोडायचं तर टेम्पो, हमाल, नवीन किल्ल्या हे सगळं आलं. तो व्याप आठवून लोक १३० रुपये भरतात.

ही चाल एकट्या गुगलची नाही. फ्लिकरनं २०१३ मध्ये एक टीबी फुकट दिला आणि मालक बदलल्यावर, २०१८ च्या नोव्हेंबरात, फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस ३६५ च्या ग्राहकांना अमर्याद जागा कबूल केली आणि २०१५ मध्ये ती मागे घेतली; फुकटातले १५ जीबी तेव्हाच ५ वर आणायचं ठरवलं. व्हॉट्सॲपच्या बॅकअपचं तसंच. अँड्रॉइडवर २०१८ पासून तो गुगलच्या कोट्यात धरला जात नव्हता. २०२३ च्या शेवटी त्याचीही मुदत संपल्याचं जाहीर झालं आणि पुढच्या काही महिन्यांत गुलाबांचा तो सगळा भार पंधरा जीबीत येऊन बसला. वाण्याकडे उधारी करणाऱ्याला निदान वही दिसत असे. इथे वही दिसते ती ती भरल्यावरच.

भाडं द्यायला लागणं एक वेळ ठीक. जागा, वीज, यंत्रं फुकट येत नाहीत, आणि सामान सांभाळणाऱ्यानं पैसे मागितले तर त्यात अन्याय नाही. गोम आहे ती भाडं कसं जातं यात. यूपीआय ऑटोपे जुलै २०२० मध्ये सुरू झालं. एकदा पिन टाकला की दर महिन्याला पैसे आपसूक जातात. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम कडक केले: असा आदेश नोंदवताना वेगळी खातरजमा हवी, आणि पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवलं पाहिजे. ओटीपीशिवाय कापता येणारी रक्कम सुरुवातीला ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. नियम चांगला आहे. पण ती आगाऊ सूचना येते कुठे? लोन मंजूर झाल्याचा मेसेज, साडीचा सेल आणि रमीचा बोनस यांच्या मधोमध. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या परीक्षेसाठी घेतलेलं शिकवणीचं ॲप, एका मालिकेपुरतं घेतलेलं ओटीटी, एकदाच लागलेलं पीडीएफ जोडायचं ॲप, असं सगळं त्याच रांगेत शांतपणे पैसे नेत असतं. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' नावाचा कोपरा असतो आणि तिथे सगळे चालू आदेश दिसतात. बहुतेकांनी तो कोपरा एकदाही उघडलेला नसतो. उघडला की घरात पाच मिनिटं शांतता पसरते, मग "हे कुणी घेतलं?" असा आवाज येतो.

घेणं एका बोटाचं आणि सोडणं दहा पायऱ्यांचं, अशा फसव्या रचनांना हॅरी ब्रिग्नल या इंग्रज डिझायनरनं २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असे तेरा प्रकार नावानिशी नोंदवले. खोटी घाई लावणं त्यात आहे, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं आहे, वर्गणीचा सापळा आहे, 'नको' म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी शब्दयोजना आहे, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून जेरीस आणणंही आहे. जागा भरत आल्याची लाल पट्टी रोज दाखवणं यातल्या कशात बसतं, यावर वकील वाद घालू शकतील. आजींच्या लेखी ती जेरीस आणण्यातच बसते.

अमेरिकेत याचा एक मासला न्यायालयापर्यंत गेला. ॲमेझॉनची प्राइम वर्गणी बंद करण्याची वाट चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्यायांमधून जात होती, आणि कंपनीच्या आत त्या वाटेचं नाव 'इलियड' होतं, असं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२३ च्या दाव्यात म्हटलं. दहा वर्षं चाललेल्या ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य ते. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती, एवढं मान्य करावं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण २५० कोटी डॉलरवर मिटलं. त्यातले १५० कोटी ग्राहकांना परत द्यायचे ठरले.

एवढं सगळं पैशाचं झालं. त्याहून अवघड खर्च घरातलं माणूस गेल्यावर सुरू होतो.

चौदावा होतो, पाहुणे परततात, आणि टीव्हीशेजारी वडिलांचा फोन चार्जिंगला लावलेला राहतो. त्याचा पॅटर्न फक्त त्यांना आणि नातवाला माहीत. त्यात बँकेचे ओटीपी येतात, सोसायटीचे निरोप येतात, आणि ज्यांना कळलेलं नाही अशा मित्रांचे गुलाब अजून येतात. मुलगा दर महिन्याला त्या सिमवर रिचार्ज मारतो. पहिले तीन महिने कारण असतं बँक आणि विमा. पुढे कारण सांगितलं जात नाही. सिम वापरलं नाही आणि त्यावर पुरेशी शिल्लक नसली की ९० दिवसांनंतर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्याला मिळू शकतो. मग 'बाबा' या नावाखाली कुणा अनोळखी माणसाचा डीपी दिसायला लागतो. हे ज्यानं पाहिलंय त्याला रिचार्ज का मारला जातो ते विचारावं लागत नाही.

व्हॉट्सॲप खातं १२० दिवस वापरात नसलं की साधारणतः काढून टाकलं जातं. गुगलनं डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती पुसायला सुरुवात केली. बापाच्या आवाजातला 'येताना कोथिंबीर आण' हा अकरा सेकंदांचा निरोप असल्या नियमांच्या भरवशावर तग धरून असतो. त्याला वारस नेमायची सोय आहे. गुगलनं २०१३ मध्येच 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आणला: इतके महिने खातं वापरलं गेलं नाही तर अमक्याला कळवा, त्याला अमुक इतकं पाहू द्या, असं जिवंतपणी लिहून ठेवता येतं. ॲपलनं डिसेंबर २०२१ मध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' दिला. बँकेच्या फॉर्मवर नॉमिनीचा रकाना भरल्याशिवाय कारकून पुढे सरकत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये तो रकाना इतका आत आहे की तिथवर फारसं कुणी पोचत नाही. मराठी घरात मृत्युपत्राचा विषय काढला तरी 'काहीतरी अभद्र बोलू नकोस' ऐकावं लागतं. तिथे फोटोंच्या मृत्युपत्राचं नाव कोण काढणार?

स्वतःचा माळा बांधता येत नाही असं नाही. गुगलचंच 'टेकआउट' नावाचं दार २०११ पासून उघडं आहे. तिथून सगळं सामान गाठोड्यांत बांधून उतरवता येतं. पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यावी, तिच्यावर ओतावं. पण डिस्क पडते, बिघडते, आणि वर्षानुवर्षं कपाटात तशीच राहिलेल्या पेनड्राइव्हचा भरवसा देता येत नाही. म्हणून जाणकार तीन प्रतींचा आग्रह धरतात: दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात टेकआउटची गाठोडी सोडवणं, त्यातल्या तारखा जुळवणं आणि दुबार फोटो काढून टाकणं यात पाच-सहा रविवार जातात, आणि ते रविवार मासिक भाड्यात कुणी धरत नाही. सगळ्यात टिकाऊ निघाला तो कागदच. ट्रंकेतले कृष्णधवल फोटो पिवळे पडले, कोपरे दुमडले, तरी ते बघायला पासवर्ड लागत नाही.

गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर एका रात्री आजी पुन्हा फोन घेऊन बसतात. नातवानं गुगल फोटोजमधला जागा मोकळी करायचा विभाग काढून दिलेला असतो. त्यात यंत्रानं स्वतःच ढीग लावलेत: मोठे व्हिडिओ, स्क्रीनशॉट, आणि एक ढीग 'अस्पष्ट' फोटोंचा. "हे सगळे उडव आजी, डोळे मिटून," असं सांगून तो झोपायला गेलेला.

आजी एकेक उघडतात. एकात नुसती फरशी. एकात स्वतःचाच अंगठा. पुढच्या फोटोत अर्ध्या भागावर पुन्हा अंगठा आणि उरलेल्या अर्ध्यात जेवणाचं टेबल, हललेलं. टेबलाच्या कडेला बंडी घातलेला एक खांदा आणि वर्तमानपत्राचा कोपरा. चेहरा चौकटीबाहेर राहिलेला. त्या फोटोशी आजी बराच वेळ थांबतात. मग मागे येऊन फरशीचा फोटो तेवढा काढतात आणि फोन उशाशी ठेवतात.

सकाळी मुलगा चहा घेता घेता तो फोन उचलतो, लाल पट्टी बघतो आणि १३० रुपयांच्या भाड्यावर स्वतःचं ऑटोपे लावून टाकतो. आजी स्वयंपाकघरातून विचारतात, "झाली का रे जागा?"

"झाली," तो म्हणतो.